भिडेचं बिल

जेवून उठताना लोक बिलाचा शेवटचा आकडा बघतात. माझं काम करसल्लागाराचं, त्यामुळे माझी नजर आधी मधल्या ओळींवर जाते. गेल्या पौषात आईला शहात्तरावं लागलं म्हणून आई, बायको, मुलगी आणि मी असे चौघं नाशिकच्या गंगापूर रोडने पुढे, धरणाच्या अंगाला असलेल्या एका भारी हॉटेलात जेवायला गेलो होतो. पदार्थांचे झाले ३,४०० रुपये. त्याखाली एक ओळ: 'एस. सी. १० टक्के, ३४०'. मग त्या ३,७४० वर सीजीएसटी ९३ रुपये ५० पैसे, एसजीएसटी तेवढाच. एकूण ३,९२७.

ती 'एस. सी.'ची ओळ मोठ्या हुशारीने बसवलेली असते. कराच्या ओळींना खेटून, त्यांच्याच टायपात, त्यांच्यासारखंच आखूड नाव घेऊन. बघणाऱ्याला वाटतं, हाही सरकारचाच काहीतरी कर असेल. सरकारचा त्यात संबंध एवढाच, की त्या ३४० वरही १७ रुपये जीएसटी लागला. बाकी ते सेवाशुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, हॉटेलचं. आणि ते असं परस्पर बिलात घालायचं नसतं, हे मला त्या टेबलावर बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. दिवसभर मी लोकांना हेच सांगतो. तरी मी कार्ड पुढे केलं, पिन दाबला, आणि वर शंभराची नोट त्या काळ्या पाकिटात सरकवली.

का? वाढदिवस होता. आई शेजारी होती. पलीकडच्या टेबलावर ओळखीचे डॉक्टर सहकुटुंब बसलेले. तीनशे चाळीस रुपयांसाठी मॅनेजरला हाक मारायची म्हणजे… भीड वाटली. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. भारी हॉटेलं महाग असतात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याला महाग विकायचंय त्याने खुशाल विकावं. माझा आक्षेप असा, की तिथे पदार्थांच्या किमतीसोबत गिऱ्हाइकाच्या भिडेचेही पैसे वसूल होतात आणि ते मेनूकार्डावर कुठेच छापलेले नसतात.

पण आधी सुखाचं बोलायला हवं. अशा हॉटेलांवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा 'एवढ्या पैशात घरी दहा जण जेवले असते' इथून सुरुवात करतो. घरी दहा जण जेवतात तेव्हा अकरावं कुणीतरी ओट्याशी उभं असतं, हे तो विसरतो. आमच्या घरी पन्नास वर्षं ती अकरावी आईच होती. त्या रात्री ती खुर्चीत मागे टेकून, शालीत हात घालून, गरम ताटली समोर यायची वाट बघत बसली होती. ताटली खरोखरच गरम होती, नुसता पदार्थ नव्हे. तिने बोट लावून बघितलं आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. असल्या गोष्टींचे पैसे द्यायला मला काही वाटत नाही.

दुसरं सुख म्हणजे वेळ. मिसळीवर माझा जीव आहे. रविवारी सकाळी शेतातल्या मिसळीच्या हॉटेलात जाऊन बसणं हा नाशिककराचा कुळाचार आहे आणि मी तो पाळतो. पण तिथे शेवटचा पाव तोंडात असतानाच आपल्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब येऊन उभं राहतं, त्यातलं एखादं पोर तर खुर्चीची पाठ धरूनच ठेवतं. आपण रस्सा ओरपायचा की त्यांच्या नजरा चुकवायच्या? भारी हॉटेलात दोन तास बसा, कुणी हटकत नाही. नवराबायकोने शेवटचं सलग दोन तास एकमेकांशी कधी बोललो होतो ते आठवून बघावं, म्हणजे त्या खुर्चीचं भाडं जास्त वाटणार नाही.

शिवाय या शहराला अशा जेवणाची आता एक स्वतःची जागा आहे. सुला या इथल्या कंपनीची पहिली वाईन २००० साली आली. त्याआधी नाशिकमध्ये टेबलावर पांढरा कापडी रुमाल बघायला मिळायचा तो मुंबईचे साहेब येणार असतील तेव्हा, नाहीतर लग्नाची बोलणी एसी हॉटेलात ठरली असतील तेव्हा. आता द्राक्षबागेच्या कडेला बसून, समोर गंगापूर धरणाच्या पाण्यावर ऊन कलताना, त्याच मातीतली शेनिन ब्लांक पिता येते. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. माझे वडील निफाडला बागेच्या छाटणीवर मुकादम होते. त्यांच्या लेखी द्राक्षं म्हणजे पेटी, भाव आणि अवकाळी. त्या द्राक्षांसाठी माणसं संध्याकाळी नटूनथटून येऊन बसतील, हे त्यांना खरं वाटलं नसतं. (वाईनवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून पेला घेतलात की बिलाचे दोन भाग पडतात. एवढं तरी धंद्यातलं सांगून टाकतो.)

तर त्या रात्री जेवण झालं आणि आई सवयीने रिकाम्या ताटल्या एकावर एक रचायला लागली. तोवर आमच्याशी 'मॅम, वुड यू लाइक' असं पाठ केल्यासारखं बोलणारा वेटर पटकन पुढे आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या, आजी. मी घेतो ना."

आईने मान वर केली. "अरे, तू मराठी! कुठला रे?"

"सुरगाण्याकडचा."

मग पाच मिनिटं आम्ही तिघं त्यांच्या लेखी नव्हतोच. मेनूत एक 'मिलेट टाको' होता, ३९५ रुपयांचा. मुलीने मागवलेला, आईने चाखून बाजूला ठेवलेला. आईने त्याच्याकडे बोट करून विचारलं, हे कशाचं. तो म्हणाला, "नागलीचं, आजी. आमच्या घरी भाकरी करतात, तीच नागली. सोबत खुरासणीची चटणी." "मग भाकरी का नाही लिहीत?" यावर तो हसला आणि काउंटरकडे बघून गप्प झाला. ताटल्या उचलता उचलता हळूच म्हणाला, "इंग्लिशमध्येच बोलायला सांगितलंय, आजी."

मला त्या संध्याकाळची ही गोष्ट सेवाशुल्कापेक्षा जास्त लागली. नागलीचा टाको करायला माझी हरकत नाही, आचाऱ्याने काय वाटेल ते करावं. पण त्या खोलीत नागलीबद्दल ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं तो मुलगा टेबलापाशीच उभा होता, आणि ज्या भाषेत त्याला ते सांगता आलं असतं तीच त्याला बंद होती. राज्यात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा नियम आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. त्यामुळे आमच्या त्या हॉटेलाची पाटीही ठसठशीत देवनागरीत आहे. मराठी दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत कार्ड इंग्रजी, तेही क्यूआर कोड मोबाइलवर धरून वाचायचं. त्यात अंधार असा, की आमच्या आजूबाजूच्या तीन टेबलांवर लोक मोबाइलचा टॉर्च लावून मोबाइलमधलंच कार्ड वाचायच्या खटपटीत होते. असं कसं जमेल, हे त्यांच्या दुसऱ्या मिनिटाला लक्षात यायचं.

ज्याला कार्ड नीट वाचता येत नाही तो विचारतो, आणि ज्याला विचारायची लाज वाटते तो वेटर सांगेल ते मागवतो. हा सगळा मांडव या एका गोष्टीवर उभा आहे. आल्या आल्या प्रश्न येतो, "रेग्युलर वॉटर ऑर बॉटल्ड, सर?" 'रेग्युलर' या शब्दावर आवाज असा काही उतरतो की नळाचं पाणी मागणं म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ. मग बाटली येते. 'आजचं स्पेशल' तोंडी सांगतात, अगदी रंगवून. किंमत तेवढी सांगत नाहीत. मासा असेल तर कार्डात आकड्याच्या जागी 'ए. पी. एस.', म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे दर. भाजीबाजारात पावशेर गवारीचा भाव तीन ठिकाणी विचारणारा माणूस इथे "कितीला पडेल?" हे दोन शब्द उच्चारत नाही. पहिल्यांदा भेटायला आलेले व्याही समोर असतील तर मुळीच नाही.

बाटलीबंद पाण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये निकाल आला: हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येईल, कारण गिऱ्हाईक तिथे नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, बसण्याचा, वातावरणाचा लाभही घेतं. मला तो निकाल पटतो. वातावरणाचे पैसे घ्या. पण मग ते एकदाच घ्या.

सेवाशुल्काची कायदेशीर हकीकत थोडक्यात अशी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सेवाशुल्क आपणहून बिलात घालू नये. दुसऱ्या नावाने घेऊ नये. ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं. देत नाही म्हणून कुणाला आत यायला अडवू नये. आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये. आमच्या बिलात यातल्या निदान तीन गोष्टी झाल्या होत्या. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली आणि जवळजवळ पावणेतीन वर्षं प्रकरण लोंबकळलं. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना एक-एक लाख रुपये भरायला सांगितले. संघटना अपिलात गेल्या. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये खंडपीठाने त्यांना साधारण असं विचारलं: वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे शंभर घेता ते वातावरणाचेच ना, मग हे वरचं शुल्क कशाचं?

आता मालकांची बाजू, कारण माझ्या अशिलांत चार-पाच हॉटेलवाले आहेत आणि त्यांच्या वह्या मी बघतो. धंदा दिसतो तेवढा सोपा नाही. नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलच्या जेवणावर सरसकट ५ टक्के जीएसटी आहे (साडेसात हजारांवर खोलीभाडं असलेल्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर १८), पण त्या ५ टक्क्यांच्या बदल्यात इनपुट क्रेडिट गेलं. जागेच्या भाड्यावर, फ्रीजवर, ओव्हनवर भरलेला १८ टक्के कर परत मिळत नाही, तो खर्चात जातो. गंगापूर रोडचं भाडं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. चांगला आचारी मुंबई-पुण्याला पळतो, नाहीतर शेजारचा पाच हजार जास्त देऊन नेतो. यातला एक अशील मला म्हणाला, "साहेब, टिप फक्त टेबलावरच्या पोराला मिळते. आत भांडी घासणारी बाई, कांदा चिरणारा, त्यांना कोण देतं? सेवाशुल्क सगळ्यांत वाटता येतं." मुद्दा खोटा नाही. भांडीवालीचा विचार टेबलावर बसलेला माणूस करत नाही, हे खरंच आहे.

पण भांडीवालीचा पगार हा मालकाचा खर्च आहे, जसा गॅस, जसं तेल. गॅसचा चार्ज बिलात वेगळा लावत नाहीत. प्राधिकरणाच्या सूचनांतही हेच म्हटलंय, की सेवा ही पदार्थाच्या किमतीत धरलेलीच असते आणि ती किंमत किती ठेवायची याला कुणाची आडकाठी नाही. मग ३४० ची भाजी ३७४ ला विका ना. मी त्या अशिलाला हेच म्हणालो. तो जरा वेळ पेन फिरवत बसला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "३७४ कार्डावर दिसतं हो."

सगळं इंगित त्यात आलं. ३७४ जेवणाआधी दिसतं, तेव्हा माणूस हिशेब करतो, एखादी डिश कमी मागवतो, नाहीतर पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. १० टक्के जेवणानंतर दिसतात, पोट भरलेलं असताना, मुलं पेंगत असताना, समोर वेटरांचा कॅप्टन हात बांधून उभा असताना. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत सगळे कर धरून असते. दुकानदार वर काही मागायला लागला तर आपण भांडतो. मिसळीच्या हॉटेलात भिंतीवर पाटी असते: मिसळ इतके, जादा पाव इतके, दही इतके, रस्सा हवा तेवढा. बिल किती होणार हे हात धुवायच्या आधी डोक्यात तयार. मला भारी हॉटेलांकडून एवढंच हवंय, की कार्डावर जो आकडा असेल तोच शेवटी द्यावा लागावा, कर, सेवा, सगळं आत धरून. किती मोठा असायचा तो असो. आणि कार्डाची एक प्रत मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, वाचता येईल अशा उजेडात. सिंहस्थ तोंडावर आहे, रोज नवं हॉटेल उघडतंय. नव्याने छपाई होणारच आहे, तर महापालिकेने आणि हॉटेल संघटनेने एकत्र बसून हे आताच ठरवायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, नको असेल तर काढून टाका म्हणायचं, संपलं. म्हणून बघितलंय. नंतर एकदा दुसऱ्या एका हॉटेलात, आई बरोबर नसताना, धीर करून म्हणालो. मॅनेजर अतिशय सभ्य. "ऑफ कोर्स, सर, इफ यू आर नॉट हॅपी विथ द सर्व्हिस." आवाज असा, की तीन टेबलांना कळावं. म्हणजे आता मला सांगायला हवं होतं, की सेवा चांगलीच होती, तरीही मी देत नाही. मी ते सांगितलं. नवं बिल यायला बारा मिनिटं लागली. बायको तोवर बडीशेपेचे दाणे एकेक करून खात होती. ज्याने आम्हाला वाढलं होतं त्या पोराच्या हातात मी दोनशे रुपये रोख ठेवले आणि विचारलं, सेवाशुल्कातलं तुला काही मिळतं का रे? "येतं थोडंफार," तो म्हणाला. 'थोडंफार' म्हणजे किती, ते त्यालाही नक्की सांगता आलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण मुळात ऐच्छिक असलेली गोष्ट न देण्यासाठी माणसाला एवढं सगळं करायला लागत असेल, तर ती ऐच्छिक कसली?

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. त्याच हॉटेलांत चुटक्या वाजवून, "ए शुक शुक" करून बोलावणारे नाशिककर मी बघितलेत. मिसळवाल्याला 'मामा' आणि 'दादा' म्हणणारा माणूस इथे आला की त्याची जीभ का बदलते? पैसे दिले की माणूसही विकत मिळाला असं वाटत असावं. पोरं टेबलांमधून पळतात, कुणी स्पीकरवर व्हिडिओ कॉल लावून दुबईच्या मेहुण्याला डिश दाखवतं. शांततेचे पैसे आपणच दिलेले असतात आणि शांतता आपणच मोडतो. आणि इतकं करून सेवाशुल्क काढायला लावणारे काही महाभाग टिपही ठेवत नाहीत, तेव्हा माझ्या अशिलाचं म्हणणं मला जवळजवळ पटतं.

त्या वाढदिवसाच्या रात्रीचं एक राहिलं. परत येताना थंडी चांगलीच होती, गाडीच्या काचा बंद. आनंदवलीच्या पुढे आलो तेव्हा मागच्या सीटवरून आईने विचारलं, "किती झाले रे?"

सगळे आकडे उघड असावेत, लपवाछपवी नसावी, वगैरे वगैरे मानणारा मी म्हणालो, "झाले हजारेक."

"हजारात चौघं? बरं आहे की मग!" आई म्हणाली. "पुढच्या महिन्यात देवळालीची मावशी येतेय तिच्या दोघींना घेऊन. सगळ्यांना इथेच आणू. त्या सुरगाण्याच्या पोरालाही भेटेन."

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. मावशी येत्या रविवारी येतेय. टेबल सात जणांचं सांगितलंय.